तुम्ही विचारलंत म्हणून: ज्येष्ठेत किती पृथ्व्या मावतील?

मे महिन्यात नागपुरात घरं रात्रीही तापलेली असतात, म्हणून साडेनऊ-दहाला आमची निम्मी कॉलनी गच्चीवर असते. मी माझी छोटी दुर्बीण तिथंच मांडतो. आग्नेयेला वृश्चिकाचा आकडा वर आलेला असतो आणि त्यात ज्येष्ठा हा तांबूस तारा. तिच्याकडे बोट दाखवलं की दरवर्षी तोच प्रश्न येतो: "काका, हिच्यात किती पृथ्व्या मावतील?" मोठी माणसंही हेच विचारतात.

पृथ्व्या एका ओळीत मांडल्या, तर सूर्याच्या रुंदीला १०९ लागतात आणि ज्येष्ठेच्या रुंदीला ७४ हजारांच्या आसपास. हा आकडा मी सांगतो खरा, पण तो ऐकून कुणाला काही दिसत नाही. म्हणून घरातून एक संत्रा आणतो.

हा सात सेंटिमीटरचा संत्रा म्हणजे सूर्य. मग पृथ्वी म्हणजे रव्याचा एक कण, संत्र्यापासून दहा पावलांवर. तो कण मी मुलांच्याच हातानं ठेवायला लावतो. गच्चीवर तो लगेच हरवतो, आणि शोधता शोधता त्यांना जे कळतं ते मला बोलून सांगता येत नाही. डोक्यावरची स्वाती या मापानं उंच माणसाएवढी, पावणेदोन मीटरची. आणि ज्येष्ठा? पंधरा मजली इमारतीएवढा गोळा. ती सूर्याच्या जागी आणून ठेवली तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, सगळे तिच्या पोटात.

मग ती ठिपक्यासारखी का दिसते? कारण ती सुमारे साडेपाचशे प्रकाशवर्षं दूर आहे. आपल्या संत्र्याच्या मापातसुद्धा तो पंधरा मजली गोळा चंद्राच्या वाटेवर दोन तृतीयांश अंतर गेल्यावर ठेवावा लागेल! इतक्या लांबच्या ताऱ्याची रुंदी माणसानं पहिल्यांदा मोजली ती डिसेंबर १९२० मध्ये, अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत. तो तारा होता मृगातला काक्षी. मायकेलसन आणि पीझ या शास्त्रज्ञांनी शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटांची तुळई बसवून ते माप घेतलं.

पण मला खरं सांगायचं असतं ते याच्या पुढचं. "किती मावतील" या प्रश्नात ज्येष्ठा हे भरीव, जड भांडं आहे असं धरलेलं असतं. तशी ती नाही. आकारमानानं ती सूर्याच्या तीस कोटी पटींहून मोठी, पण तिच्यातलं द्रव्य सूर्याच्या दहा-पंधरा पटच. एवढंसं द्रव्य एवढ्या जागेत पसरलं की सरासरीनं ते आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षाही हजारो पटींनी विरळ होतं. तिला ठाम कडाही नाही, बाहेरचे थर विरत विरत जातात. म्हणून सगळ्यात मोठा तारा कोणता, याची उत्तरं बदलत राहतात. यूवाय स्कूटी हा तारा २०१३ च्या मोजणीत रुंदीला सूर्याच्या सतराशे पट निघाला होता. पुढे त्याचं अंतर नव्यानं मोजलं गेलं आणि तो आकडा बराच खाली आला.

ज्येष्ठा जन्मापासून एवढी नव्हती. गाभ्यातला हायड्रोजन संपला, गाभा आकसून आणखी तापला, आणि बाहेरचे थर फुगत गेले. फुगले तसे गार झाले, म्हणून रंग तांबूस. सूर्यही असाच फुगेल, सुमारे पाचशे कोटी वर्षांनी, पण तिच्याएवढा नाही.

नाव ज्येष्ठा, म्हणजे थोरली. वय मात्र एक-दीड कोटी वर्षं. सूर्य ४६० कोटींचा आहे! वजनदार तारा इंधन भराभर जाळतो, त्यामुळे या वयात ती अखेरीला आली आहे. हे सांगताना मी मुलांना सीताबर्डीची टेकडी आठवायला लावतो. तिथला काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. मागच्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "मंग ज्येष्ठेपेक्षा आपली टेकडीच थोरली ना, काका?"

हो, थोरलीच.