शंभर लिटरच्या समुद्राचा मानकरी

लातुरात घरात समुद्र, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी, ठेवायचा म्हणजे आधी पाण्याचा हिशेब द्यावा लागतो, माशाचा नंतर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे गाव. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर आलं होतं, आणि आजही कुणी नळ सोडून दात घासायला लागलं की घरातलं जुनं माणूस त्या गाडीची आठवण काढतं. अशा घरात १०० लिटर आरओचं पाणी घेऊन त्यात साडेतीन किलो मीठ कालवायचं म्हणजे बोलणी खाणं आलंच. लिटरला ३५ ग्रॅम, समुद्राचं प्रमाण साधारण तेवढंच. वाण्याकडचं मीठ इथं चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असं सगळं असलेलं तयार मीठ बादलीनं मिळतं आणि त्या बादलीचा खरा भाव आईला अजून कळलेला नाही. शेजारच्या काकू टाकीसमोर उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "एवढ्या मिठात वर्षाचं लोणचं झालं असतं की."

उन्हाळ्यात तर ही टाकी रोज पाणी मागते. बाहेर पारा ४२ वर, आत मात्र २५-२६ अंश ठेवायचे. पाणी गार करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून पाण्याच्या तोंडाशी दोन छोटे पंखे लावले. कुलर ज्या जोरावर खोली गार करतो, त्याच जोरावर हे चालतं. पण उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ खालीच राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की अर्धी टाकी जमली.

वाळू-दगड बसले. माशांना विष ठरणारे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत महिना-दीड महिना रिकाम्या पाण्याकडे बघत बसावं लागतं, तेही झालं. आता घरात एकच विषय: मानाचा मासा कोणता? अडीच फुटांच्या काचेत लहानसे दोन-तीन मासे मावणार. त्यातला एक असा हवा की हॉलमध्ये शिरणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जावी.

भाच्याचं ठरलेलं आहे, निळा टँग. दुकानात तो दोन इंचांचा असतो आणि अगदी गोजिरवाणा दिसतो. पूर्ण वाढला की फूटभर होतो, आणि त्याला पोहायला मोकळं रान लागतं. "टाकीच्या मापानं वाढतो, टेन्शन घेऊ नका," असं विकणारे बिनदिक्कत सांगतात. साफ खोटं. मासा काही माप बघून वाढत नाही, तो खुंटतो आणि कुढून मरतो. हवाईकडचा पिवळाधमक टँग जरा लहान, तरी २० सेंटीमीटरच्या घरातला, त्यामुळे तोही बाद. भाचा रुसला आहे. त्याला म्हटलं, तू नोकरीला लाग, सहा फुटी टाकी घे, मग खुशाल आण.

बायकोनं फोनवर मँडरिन मासा बघितला आणि विषय संपला असं जाहीर केलं. रंगाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालता येत नाही. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, कडेला हिरवी झाक, पंख पसरले की पैठणीचा पदर उलगडल्यासारखा. बहुतेक माशांचा निळा रंग हा प्रकाशाचा खेळ असतो. खरंखुरं निळं रंगद्रव्य अंगात असलेले प्राणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि हा त्यातला एक. पण त्याचं खाणं बघा. दगडावरून सरकत, एकेका ठिकाणी थबकून, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड नावाचे इवलेसे जलजीव टिपत तो दिवसभर चरत असतो. जुन्या, मोठ्या टाकीत ते पैदा होत राहतात. आमच्या डबक्यात तो काही आठवड्यांत सगळे फस्त करणार, आणि कोरड्या दाण्याला बहुतेक मँडरिन तोंड लावत नाहीत. म्हणजे इतका देखणा जीव रोज थोडाथोडा वाळताना बघायचा. नको.

फ्लेम एंजल लालभडक, काळ्या पट्ट्यांचा, पण प्रवाळाला चोच मारायची खोड आणि जागाही जास्त लागते. प्रवाळावरून आठवलं: "रामेश्वरमकडचा ओरिजिनल माल आहे" असं कुणी कानात सांगितलं तर तिथूनच मागं फिरावं. आपल्या किनाऱ्यावरचं दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघही त्याच यादीत.

राहता राहिला सगळ्यांच्या ओळखीचा नारिंगी-पांढरा क्लाउनफिश. त्याच्यावर नाक मुरडणारे शौकीन मला कळत नाहीत. लहान, काटक, कोरडा दाणा खाणारा, आणि मुख्य म्हणजे समुद्रातून न ओरबाडता मिळणारा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याची पैदास आपल्याकडेच केलेली आहे. या माशांच्या घरातली रीतही ऐकण्यासारखी. सगळे जन्मतात ते नर म्हणून. मोठा असेल तो मादी होतो, ती गेली की तिचा नवरा बढती घेऊन मादी बनतो. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरंय की, कुणाचं कुणावाचून अडत नाही."

तरी माझं मन बसलंय ते दुसरीकडेच. संभाजीनगरात एका मित्राच्या टाकीत पिवळा वॉचमन गोबी नावाचा मासा बघितला. बोटभर लांब, थोराड तोंडाचा, गालावर निळे ठिपके, चेहऱ्यावर कायम कुणीतरी उधारी बुडवल्याचा भाव. बिळाच्या तोंडाशी बसलेला. आणि आतून एक पिस्तूल कोळंबी वाळू ढकलत बाहेर येते, ढीग टाकते, परत आत. तिला धड दिसत नाही, म्हणून बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली. धोका दिसला की हा शेपटी हलवतो, दोघं बिळात गडप. घर तिनं खणायचं, राखण यानं करायची. मधूनच ती नांगी अशी वाजवते की काच तडकली वाटून मी उठून उभा राहिलो. मित्र जागचा हलला नाही. अर्धा तास मी तिथून हललो नाही, चहा गार झाला. लहान टाकीत माझ्या मते मान रंगाचा नव्हे, उद्योगाचा असावा. फूटभर जागेत ज्याचा संसार मावतो, तोच तिथं शोभतो. हे आणायचं तर दगड वाळूवर न ठेवता तळाच्या काचेवर टेकवलेले हवेत, नाहीतर ही बाई खणताखणता छप्पर अंगावर घेते. गोबी उडी मारतो म्हणून वर जाळी हवी. ते करून झालंय.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पाव्हणं आलं की तो बिळात?"

"बहुतेक."

"आन् कोळंबी?"

"ती आतच असते."

"मग साडेतीन किलो मीठ कामून घातलंस रे?"

शेवटी तह झाला. दिवाळीनंतर, ऊन उतरल्यावर, पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्मोकोलचं खोकं येईल. आधी गोबी आणि कोळंबी, त्यांचं बीळ जमलं की मग क्लाउनफिशची जोडी, कारण दांडगाई करणाऱ्यांना नेहमी शेवटी सोडायचं. जोडी पाहुण्यांसाठी.