झाकण बंद, लक्ष आकड्यावर: रिमोट थर्मामीटर लावून पोर्क स्मोक करण्याचा माझा अनुभव

नॉर्थ कॅरोलायनात बार्बेक्यू म्हटलं की पोर्कच. पूर्वेकडे अख्खं डुक्कर आणि व्हिनेगर-मिरचीचा पातळ सॉस, पश्चिमेकडे लेक्सिंग्टनच्या पद्धतीने नुसता खांदा आणि सॉसमध्ये थोडं केचप. कुठलं खरं, यावर इथली माणसं हिरिरीने भांडतात. माझं माहेर वसईचं. नाताळात सोरपोतेल, म्हणजे व्हिनेगर घातलेलं मसालेदार पोर्क, आणि गरमगरम फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, खातच मी वाढले, त्यामुळे पोर्क आणि व्हिनेगरची जोडी मला नवीन नव्हती. नवीन होतं ते मंद आचेवर दहा-बारा तास धूर देणं, आणि एवढा वेळ झाकणाला हात न लावणं.

रिमोट थर्मामीटर घेतला तो यासाठीच. त्याला दोन प्रोब, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या सळ्या, असतात. एक मांसात खुपसायचा, दुसरा क्लिपने जाळीवर लावायचा. तारा झाकणाच्या कडेतून बाहेर काढून ट्रान्समीटरला जोडायच्या, मग आकडे घरातल्या रिसीव्हरवर दिसतात. खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. मध्ये भिंती आल्या की ते बरंच कमी होतं. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत सिग्नल पक्का मिळतो, वरच्या मजल्यावर तुटतो. म्हणून रिसीव्हर खिडकीतच ठेवते.

वापरण्याआधी प्रोब तपासून घेतले. पेला बर्फाच्या चुऱ्याने गच्च भरायचा, त्यात थोडं पाणी घालायचं आणि प्रोबचं टोक काचेला न टेकवता मधोमध धरायचं. आकडा 32 फॅरनहाइटच्या आसपास आला की प्रोब ठीक. उकळत्या पाण्यातही पाहता येतं, पण तिथे उंचीचा हिशेब धरावा लागतो: समुद्रसपाटीला 212, म्हणजे 100 सेल्सियस, तर पुण्यात पाणी 98 सेल्सियसच्या सुमारासच उकळतं. मला बर्फाची परीक्षा जास्त भरवशाची वाटते.

मांस होतं हाडासकट खांद्याचं, आठ पौंडांचं, म्हणजे साडेतीन किलोहून थोडं जास्त. मीठ, मिरपूड, पॅप्रिका आणि ब्राउन शुगर आदल्या रात्रीच चोळून ठेवली. पहाटे गोल केटल ग्रिलमध्ये कोळशाच्या ब्रिकेट्स, म्हणजे दाबून केलेल्या वड्या, कडेकडेने अर्धवर्तुळात रचल्या, वर धुरासाठी हिकरीच्या लाकडाचे तुकडे ठेवले आणि एकाच टोकाला निखारे टाकले. अशी रांग हळूहळू जळत पुढे सरकते. जाळीवर 225 ते 250 फॅरनहाइट ठेवायचं होतं.

इथेच दुसऱ्या प्रोबची किंमत कळली. झाकणावरच्या तापमापकाचा काटा 300 च्या जवळ, आणि जाळीवरचा प्रोब 240. गरम हवा वर चढते आणि मांस असतं खाली, त्यामुळे काट्यावर विसंबून हवा कमी केली असती तर आच पार बसली असती. जाळीचा प्रोब मांसापासून दोन बोटं दूर लावायचा. अगदी चिकटून असला तर थंड मांसाभोवतीची हवा मोजतो आणि आकडा कमी दाखवतो. मांसातल्या प्रोबचं टोक सगळ्यात जाड भागाच्या मध्यात हवं. हाडाला टेकलं की आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

माझ्या मते मांसाच्या अलार्मपेक्षा जाळीचा अलार्म जास्त कामाचा. मी तो खाली 215 आणि वर 275 वर लावते. दुपारच्या आधी तो वाजला, 213. झाकण न उघडता खालची झडप दोनदा मागेपुढे फिरवून राख पाडली आणि थोडी जास्त उघडी ठेवली. आकडा सावकाश 230 वर आला. झाकण उघडलं असतं तर साठलेली गरम हवा गेली असती, वर कोळशाला एकदम प्राणवायू मिळून नंतर आच भडकली असती.

मग आला तो टप्पा, ज्याला इथे ‘स्टॉल’ म्हणतात. मांस 158 ला पोचलं आणि थांबलं. तासभर 158, मग 157, पुन्हा 158. जाळीवर आच पुरेशी होती, तरी आत काही सरकेना. कारण साधं आहे: मांसातला ओलावा पृष्ठभागावर येऊन वाफ होतो आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते, उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं तसंच. जाळीचा प्रोब स्थिर 235 दाखवत होता, म्हणून आच वाढवायची घाई केली नाही. वरून गडद, कोरडं कवच धरलं होतं. तेव्हा मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं आणि त्याच भोकातून प्रोब परत घातला. वाफ अडली आणि आकडा पुन्हा चढू लागला.

अमेरिकी कृषी खात्याच्या नियमाप्रमाणे पोर्कचा अख्खा तुकडा 145 फॅरनहाइटला, वर तीन मिनिटं विश्रांती देऊन, खायला सुरक्षित असतो. पण खांद्याचा तुकडा तेव्हा चिवट लागतो. त्यातल्या कोलॅजेनचं, म्हणजे चिवट प्रथिनाचं, मऊ जिलेटिन व्हायला तापमान आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून 195 ते 205 पर्यंत न्यावं लागतं. माझा 201 ला आला. पण शेवटचा निर्णय मी यंत्रावर सोडत नाही. शेजारचे काका इथलेच, लहानपणापासून बार्बेक्यू करणारे. त्यांनी शिकवलं तसं हाड चिमट्याने धरून फिरवलं, ते सहज सुटलं, तेव्हाच खाली उतरवलं.

तसंच गुंडाळलेलं मांस टॉवेलात लपेटून रिकाम्या आइस बॉक्समध्ये दोन तास ठेवलं. प्रोब आतच राहू दिला, कारण 140 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. उघडलं तेव्हा 163 होतं. काट्यांनी तंतू मोकळे केले, वर व्हिनेगर आणि ठेचलेली लाल मिरची, सोबत घरचे फुगे.

प्रोब धुताना मात्र पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. दांडा आणि तार जिथे जुळतात तिथून पाणी आत शिरलं की आकडे भलतेच येऊ लागतात. आणि चिकनला हेच आकडे लावू नका: आतून 165 व्हायलाच हवं, आणि जाळीवर 325 च्या आसपास आच ठेवली तरच कातडी नीट होते, नाहीतर रबरासारखी चिवट राहते.