‘आर’ची गाठ

मंगळवार, रात्री

लेकीच्या वहीत आज लाल गोल आला. वाक्य साधं होतं, ‘फिल इन द फॉर्म’. टीचरनी ‘फॉर्म’भोवती गोल करून समासात विचारलं होतं, ‘फार्म?’ स्पेलिंग बरोबर आहे म्हणून पोरगी हिरमुसली. मीही आधी तिचीच बाजू घेतली. मग चष्मा लावून पाहिलं, तर खरंच ‘फार्म’. शेतं भरायला निघालो होतो आम्ही.

बुधवार

जेवणं झाल्यावर चाररेघी वही घेऊन बसलो. कडेच्या दोन रेघा लाल, मधल्या दोन निळ्या. कर्सिव्हमधला छोटा ‘आर’ एकटा काढायला अवघड नाही. खालच्या निळ्या रेघेवरून तिरकं वर जायचं, वरच्या निळ्या रेघेच्या किंचित वर टोक काढायचं, तिथून छोटासा उतरता खांदा, मग सरळ खाली आणि पुढच्या अक्षरासाठी शेपूट. ओळभर काढले. शेवटचे चार तर छापल्यासारखे.

आणि मागे ‘ओ’ लावला की सगळं बिघडलं.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं, तोवर माझी शाळा संपली होती. कर्सिव्ह आम्ही कित्ता गिरवून शिकलो, पण एकेक अक्षर सुटं गिरवलं. ती एकमेकांत गुंफायची कशी, हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही. जो तो आपापल्या अंदाजाने ओढायचा.

गुरुवार

सापडलं! ‘ओ’ वरच संपतो. त्याची शेपूट वरच्या निळ्या रेघेजवळूनच आडवी निघते, जरा झोळीसारखी. ‘आर’ने तिथूनच सुरुवात करायची, खाली उतरून पुन्हा चढायचं नाही. आम्ही बापलेक ‘ओ’ची शेपूट सवयीने खाली आणत होतो आणि तेवढ्यानेच ‘ओ’चा ‘ए’ होत होता. म्हणजे ‘आर’ निर्दोष. चूक त्याच्या आधीच झालेली.

लेकीचा प्रश्न: “बाबा, मग एकाच अक्षराची दोन रूपं कशी?”

आधी काही सुचेना. मग आपला ‘र’ आठवला. ‘सूर्य’मध्ये डोक्यावर रफार, ‘चक्र’मध्ये पोटात तिरपी काडी, ‘ट्रक’मध्ये पायाशी काकपदासारखा, आणि ‘कऱ्हाड’मध्ये वाकडी आडवी रेघ. शेजारी बदलला की हा गडी रूप बदलतो. तिला कागदावर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी लिहून दाखवलं. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ती खूश. “म्हणजे आपला ‘र’ जास्त नाटकी आहे,” म्हणाली.

गावी आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतले कागद आहेत. घरात कुणालाच वाचता येत नाहीत. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, बोरू शक्यतो न उचलता. शब्दांमध्ये जागा सोडायचीही पद्धत नव्हती. लहानपणी मला ती एकच लांब गुंतलेली दोरी वाटायची. आज पहिल्यांदा वाटलं, त्या माणसाचा हात एका अक्षरातून दुसऱ्यात कसा जात असेल ते बघावं. पुढच्या खेपेला ट्रंक उघडायची आहे.

शनिवार

सकाळी शुद्धलेखन घेतलं. ‘फॉर्म’, ‘मॉर्निंग’, ‘स्टोरी’ तिने न अडखळता काढले. माझा ‘स्टोरी’ अजून ‘स्टारी’कडे झुकतोय. चाळीशीपार मनगटाला काही सांगणं म्हणजे जुन्या भाडेकरूला खोली बदलायला लावणं.

मग ‘ब्राऊन’ आला. ‘बी’ काढून ती थांबली. पेन्सिल हवेत. “बाबा, हापण वरूनच जातो ना?”

मी पाहिलं. खरंच, ‘बी’ची शेपूटही वरच. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी बँकेच्या कागदावर सही करायची होती. आडनाव मोरे. दहावीपासून हीच सही करतोय, आणि आज पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं: स्वच्छ ‘मारे’. सुधारावी म्हटलं तर बँकेच्या नोंदीतल्या सहीशी जुळायची नाही. मुकाट्याने नेहमीसारखा ‘ओ’ खाली आणला आणि पुढे सरकलो. लेक शेजारीच होती. तिने पाहिलं, पण काही बोलली नाही.