लुकलुकता चष्मा: संक्रांतीपासून आतापर्यंतची नोंद

मागच्या नोंदीत चष्म्याचा, म्हणजे मिटलेल्या डोळ्यांवर एलईडी ठराविक वेगाने लुकलुकवून सैल व्हायला आणि आत उमटणाऱ्या आकृत्या बघायला केलेल्या गॉगलचा, नुसता सांगाडा होता. आता तो चालतोय, नेमाने वापरात आहे, आणि या काळात एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली: उजेडाने आणि आवाजाने मन सैल करण्याच्या आपल्या छंदात खरं काम उजेड करतो. आवाज त्याला साथ देतो. पण आवाजाच्या फाइली जमवण्यात आपला जो वेळ जातो, त्यातला निम्मा जरी दिव्यांच्या मांडणीवर घातला तरी हाती कितीतरी जास्त लागतं.

पण त्याआधी सुरक्षेचं, कारण नवीन मंडळी ते सोडून थेट जोडणीकडे जातात. ज्यांना कधी फिट आली आहे, किंवा घरात कुणाला येते, त्यांनी हा चष्मा लावायचा नाही. साधारण ४००० माणसांत एकाचा मेंदू लुकलुकत्या उजेडाला झटक्याने प्रतिसाद देतो, आणि लहान व तरुण वयात हे प्रमाण जास्त असतं. कित्येकांना पहिला झटका येईपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. सर्वांत धोक्याचा टप्पा सेकंदाला १५ ते २५ लुकलुकींचा. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टून मालिकेत लाल-निळा उजेड सेकंदाला साधारण १२ वेळा चमकला आणि ६०० हून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. म्हणजे १५ च्या खाली राहिलं की निर्धास्त, असंही नाही. पापण्या मिटूनही बचाव होत नाही, कारण उजेड पापणीतून लाल होऊन आत पसरतोच. चुकून काही जाणवलंच तर चष्मा काढा आणि एक डोळा तळहाताने पूर्ण झाका, मग दिवा बंद करा. लहान मुलांवर प्रयोग अजिबात नको.

आता जोडणी. गॅस वेल्डिंगचा वाटीसारखा काळा गॉगल घेतला, काचा काढल्या आणि त्या जागी टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून बसवला. चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, वाटीत छान बसतो आणि एलईडीचा टोचरा ठिपका पसरवून डोळ्यासमोर एकसारखा उजेडाचा पडदा करतो. हा पडदा जमला की अर्धी लढाई जिंकली. एका डोळ्याला दोन असे चार वॉर्म व्हाइट एलईडी, नव्या पेठेतून आणलेले. प्रत्येकाला १५० ओमचा रेझिस्टर, म्हणजे एका पिनवर १२-१३ मिलीअँपच्या आसपास करंट. आर्डुइनो नॅनोला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, तेवढा सहज झेपतो. लाल एलईडी मुद्दाम टाळले. गडद लाल लुकलुक झटक्याला जास्त कारण ठरते, आणि पापणी तशीही पांढऱ्याचा लाल करतेच.

एलईडी ३, ९, १०, ११ या पिनांवर ठेवले आहेत. या चारही पिनांवर पीडब्ल्यूएम (दिवा भराभर चालू-बंद करून तेज ठरवायची पद्धत) ४९० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४९० वेळा, असतो. तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून तेज कमी-जास्त करायला तो वापरता येतो आणि त्यावर आपली १० हर्ट्झची लुकलुक स्वार करता येते. आधी नुसता चालू-बंद असा चौकोनी झटका देत होतो. आता तेज साइन लहरीप्रमाणे, म्हणजे हळुवार वळणाने, चढतं-उतरतं. फरक डोळे मिटल्या मिटल्या कळतो. चौकोनी लहरीत मूळ १० हर्ट्झबरोबर ३०, ५० असे वरचे सूरही येतात, त्यामुळे आकृत्या धारदार आणि काहीशा कर्कश दिसतात. साइनमध्ये त्या पाण्यावरून आल्यासारख्या येतात. सैल व्हायचं असेल तर साइन, आकृत्यांचाच अभ्यास करायचा असेल तर चौकोनी, असं मी वाटून घेतलंय.

वेगाचं म्हणाल तर मी १३ हर्ट्झने सुरू करतो, पाच मिनिटांत १० वर उतरतो आणि मग ८ ते ११ मध्ये हळूहळू भटकत राहतो. एकाच आकड्यावर थांबलं की डोळ्यांना सवय होते आणि चित्र फिकं पडतं. शेवटी वेग तसाच ठेवून फक्त तेज उतरवत न्यायचं. एकदम बंद केलं की दचकायला होतं आणि साधलेली शांतता मोडते.

वेगाचा हा टप्पा असाच उचललेला नाही. १९२९ मध्ये हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतली अल्फा लहर जगासमोर मांडली, साधारण ८ ते १३ हर्ट्झची. लुकलुकत्या उजेडाबरोबर डोक्याच्या मागच्या भागातली लहर ताल धरते, हे एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये दाखवलं. १९५८ च्या डिसेंबरात ब्रायन गायसिन हा चित्रकार-लेखक बसने फ्रान्समधल्या मार्सेयला चालला होता. झाडांच्या रांगेतून ऊन लुकलुकत होतं, त्याने डोळे मिटले आणि आत रंगांचा पूर लोटला. पुढे त्याचा मित्र इयान सॉमरव्हिलने मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड प्लेअरवर भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा दंडगोल फिरवून तेच घरात आणलं. आपली आर्डुइनोची वाट मात्र मिच ऑल्टमन यांनी २००७ मध्ये मेक मासिकात दिलेल्या ब्रेन मशीन नावाच्या अशाच लुकलुकत्या चष्म्यापासून येते. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

माझ्याकडे ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजायचं यंत्र, नाही. त्यामुळे 'मी अल्फात गेलो' असं मी लिहीत नाही, कुणी लिहूही नये. मला काय दिसलं आणि उठल्यावर अंग कसं होतं, एवढंच वहीत जातं.

दिसतं ते थक्क करणारं आहे. दिवा पांढरा, पापणीतून येणारा उजेड लालसर, आणि समोर निळा, हिरवा, जांभळा. जाळ्या, मधाच्या पोळ्यासारखी घरं, बोगदे, चक्रं. १९२० च्या दशकात हाइनरिश क्लुव्हर यांनी मेस्कलीन या भास घडवणाऱ्या द्रव्याच्या प्रयोगांतून याच चार जाती नोंदवल्या होत्या. १९७९ मध्ये अर्मेनट्राउट आणि कॉवन यांनी गणिताने दाखवलं की दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बघणाऱ्या भागात, साधे सरळ पट्टे उठले, तर डोळ्यातून मेंदूपर्यंतच्या नकाशाच्या रचनेमुळे ते आपल्याला बोगदा किंवा चक्र होऊन दिसतात. आपण स्वतःच्याच मेंदूची वीण बघत असतो. मला या छंदात धरून ठेवणारी गोष्ट हीच.

शेजारच्या काकांनी परवा हट्टच धरला. उभं आयुष्य मागावर गेलेला माणूस.

"काका, कधी फेफरं आलं होतं का? घरात कुणाला?"

"नाही रे बाबा, कुणालाच नाही. लाव तू."

तेज अर्ध्यावर ठेवून लावलं. थोडा वेळ गप्प, मग हाताने हवेत चौकडे काढायला लागले. "अरे, ही तर चादरच की! पण डिझाइन जागेवर राहीना, सरकतंय. काठ बघ, काठ निळा आलाय." कुठल्या क्षणी चौकडा मोडून गोल झाला, हेही त्यांनी बरोबर सांगितलं. मी वेग १० वरून साडेआठवर आणला होता, नेमकं तेव्हाच. इतकी नेमकी नजर मला अजून कुणाकडे सापडलेली नाही. आता वेग बदलताना मी त्यांनाच बसवणार आहे.

आता आवाजाकडे. डाव्या कानाला २००, उजव्याला २१० हर्ट्झ दिला की डोक्यात १० चा ठोका ऐकू येतो. यालाच बायनॉरल ठोका म्हणतात; हाइनरिश डोव्ह यांनी १९ व्या शतकात हे शोधलं. ठोका खरा आहे. पण तो मेंदूची लहर ओढून नेतो की नाही, याबद्दल प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि माझा अनुभव सांगतो की नुसत्या आवाजाने आकृत्या येत नाहीत. ज्यांना करून बघायचंय त्यांनी मोबाइलमधला मोनो ऑडिओ आधी बंद आहे का बघावं. तो चालू असेल तर दोन्ही सूर एकत्र होऊनच कानात शिरतात आणि वेगळेपणच संपतं. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथला आवाज उशिरा पोचतो आणि उजेडाशी ताल जुळत नाही.

आमच्या गल्लीत आवाजाचं महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. पलीकडच्या कारखान्यातले माग सेकंदाला साधारण दोन ठोक्यांनी दिवसभर चालतात. कान ते आपोआप मोजायला लागतात आणि लक्ष उजेडावरून सुटतं. हेडफोनमध्ये पावसासारखा सलग आवाज लावला की माग झाकला जातो. बायनॉरल फाइलपेक्षा या साध्या पावसाने मला जास्त दिलं.

उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला की वेल्डिंगच्या गॉगलखाली घामाच्या धारा लागतात. कडेने टेरी टॉवेलची पट्टी शिवून घेतली. घाम टिपला जातो आणि बाहेरचा उजेडही आत येत नाही. दुपारी पंखा लागतोच, पण पंख्याच्या वरचा दिवा बंद ठेवा. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेऱ्या घेत असेल तर तो उजेड सेकंदाला १५ वेळा कापतो, आणि गॉगल थोडा जरी सैल असला तरी ती लुकलुक आपल्या १० हर्ट्झमध्ये घुसते.

पुढचं काम ठरलंय. डाव्या-उजव्या डोळ्यांचं तेज वेगवेगळं चढवायचं आणि चष्म्यात फोटोडायोड (उजेड टिपणारा सुटा भाग) बसवून लहर खरंच साइन येते का ते ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लहरीचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर, बघायचं. लुकलुक पूर्ण थांबवून नुसता स्थिर उजेड ठेवला की काही मिनिटांत रंग विरून सगळं राखाडी होतं. १९३० च्या दशकात वोल्फगांग मेट्झगर यांनी अभ्यासलेला गांझफेल्ड तो हाच. त्याची वही वेगळी सुरू केली आहे. ज्यांनी चेंडूऐवजी दुधी अ‍ॅक्रिलिक वापरून पाहिलंय, त्यांनी उजेड कितपत एकसारखा पसरतो ते जरूर सांगा, पुढची वाटी कापण्याआधी मला ते हवं आहे.