दादाच्या रक्ताचा स्वतःचा आकडा

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दादाने सोयाबीनवर लागोपाठ तीन दिवस क्विनॉलफॉस हे कीटकनाशक मारलं. चक्रभृंग ही कीड पडली होती, पावसाने उघडीप दिली होती, थांबायला सवड नव्हती. सांवेरजवळ आमचं नऊ बिघे शेत आहे. मी राहते इंदूरला, लोकमान्य नगरात. तिसऱ्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला, "वन्सं, ह्यांना दरदरून घाम सुटलाय, तोंडाला सारखं पाणी सुटतंय, समोरचं धूसर दिसतंय म्हणतात."

गावातल्या डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून गोळ्या दिल्या. दोन दिवसांत दादा उठला आणि पुन्हा पंप पाठीवर घ्यायला निघाला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या, हे वहिनीने नंतर बोलता बोलता सांगितलं आणि माझं काळीज हललं. २०१७ ची यवतमाळची बातमी मी विसरले नव्हते. फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते. खरं तर त्याच रात्री औषधाची बाटली बरोबर घेऊन मोठ्या दवाखान्यात जायला हवं होतं. आम्ही गेलो नाही, आणि ते मला अजून खुपतं.

सहाव्या दिवशी दादाला इंदूरला आणलं. क्विनॉलफॉस हे ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातलं. नस स्नायूला निरोप धाडते तो अ‍ॅसिटिलकोलीनच्या हाती. निरोप पोचला की त्याला पुसून टाकायचं काम कोलिनएस्टरेज करतं. हे औषध त्या पुसणाऱ्यालाच जखडून टाकतं. मग घाम, लाळ, जुलाब काही थांबत नाही. म्हणून रक्तात कोलिनएस्टरेज मोजायचं. लॅबमधल्या मुलाने विचारलं, "ऑपरेशन है क्या?" भूल देण्याआधी ही तपासणी करतात, तेवढीच त्याला माहीत. शेतकऱ्यासाठी कुणी ती मागायला येत असेल असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

रिपोर्ट आला: ५,९००. शेजारी छापलेली मर्यादा ५,३०० ते १२,९००. "नॉर्मल है," असं सांगून कागद हातात दिला. दादा खूश. माझं समाधान होईना, कारण एवढी ऐसपैस मर्यादा असेल तर एखाद्याचा मूळ आकडा अकरा हजारांचा असून तो सहा हजारांवर आला, तरी कागदावर तो ठणठणीतच.

मग वाचत गेले. कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशी औषधं हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्ताची नियमाने तपासणी होते, आणि तिथे छापील मर्यादेशी तुलना करत नाहीत. माणसाची त्याच्या स्वतःच्या मूळ आकड्याशी करतात. आकडा २० टक्के उतरला की काम कसं चाललंय ते तपासायचं. प्लाझ्मातला, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातला (दादाचा मोजला तो हाच), ४० टक्के किंवा तांबड्या पेशींमधला ३० टक्के उतरला की त्या माणसाला फवारणीपासून दूर करायचं, आणि मूळच्या ८० टक्क्यांवर परत आल्याशिवाय पंपाला हात लावू द्यायचा नाही. मूळ आकडा मिळवायचा तर किमान महिनाभर औषधाचा संबंध नको. दादाची हरभऱ्यावरची शेवटची फवारणी फेब्रुवारीत होते. थोडा जास्तच अवधी सोडून मे महिना धरला.

नऊ महिने थांबले. मेमध्ये मुद्दाम त्याच लॅबमध्ये नेलं, कारण पद्धत बदलली की आकडेही बदलतात आणि तुलनेला अर्थ उरत नाही. आदल्या रात्री दादाला साबण लावून आंघोळ करायला लावली, धुतलेला शर्ट दिला. कातडीवर राहिलेलं औषध नमुन्यात उतरू शकतं. यकृताची तपासणीही बरोबर करून घेतली, कारण प्लाझ्मातलं हे द्रव्य यकृतच बनवतं आणि यकृत बिघडलं तरी ते घटतं. यकृत चांगलं निघालं. आकडा आला १०,१००.

वहीत गणित मांडलं. ऑगस्टमधली घट जवळजवळ ४२ टक्के. तीही सहा दिवस उलटल्यावरची. प्लाझ्मातला आकडा काही आठवड्यांत भरून येतो, म्हणजे त्या संध्याकाळी तो आणखी खाली असणार. "नॉर्मल" म्हणून दिलेल्या त्या कागदाकडे बघून मला रडू आलं.

तांबड्या पेशींची तपासणी जास्त भरवशाची, कारण ती घट भरायला तीनेक महिने लागतात. पण तो नमुना बाहेरगावी जातो, थंड ठेवावा लागतो, गोठवायचा मात्र नाही. आमचा पहिला नमुना वाटेत तापला आणि परत आला. दुसऱ्यांदा जमलं. एक गोष्ट नीट कळायला हवी: ही तपासणी ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोनच गटांची खबर देते. सायपरमेथ्रिनसारखं औषध मारून हा आकडा चांगला आला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

त्या खरिपात दादाने हातमोजे घातले, वाऱ्याकडे तोंड करून मारणं सोडलं. फवारणीचे कपडे वहिनी आता वेगळ्या बादलीत धुते. ऑगस्टअखेरचा आकडा ९,२००.

पण आमच्याकडची निम्मी फवारणी दादा करतच नाही. टाकीमागे पैसे घेऊन आख्ख्या गावात औषध मारणारा एकजण आहे. मेमध्ये दादाबरोबर त्याचंही रक्त घेतलं होतं: ६,४००. तो खरिपात सोयाबीनवर मारतो, थंडीत बटाट्यावर, उन्हाळ्यात भेंडी-वांग्यावर. त्याच्या वर्षात औषधाविना महिनाच नाही. मग हा आकडा त्याचा स्वतःचा की औषधाने उतरवलेला, हे कुणी कसं सांगावं?

यंदा एप्रिलमध्ये दादाने त्याला पाच आठवडे कांदा निवडायला आणि बांध घालायला ठेवलं, फवारणीला मिळते तीच रोजी देऊन. पंप आमच्या पडवीत कुलपात. पाच आठवड्यांनी त्याच लॅबचा रिपोर्ट आला: ८,८००.