मशीन चालू झालं, पण मार्चमधलं

माझा ऑफिसमधला डेस्कटॉप दुसऱ्या दिवशी सकाळी फॉरमॅटला जाणार होता. त्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक लिनक्स मशीन होतं आणि आमच्या टेस्टिंगचा सगळा डेटाबेस त्यातच होता. तीन वर्षं त्यात रोज भर पडत आलेली. ते मशीन लॅपटॉपवर हलवायचं, एवढंच काम संध्याकाळसाठी ठेवलं होतं.

४१ जीबीची व्हीडीआय फाइल (त्या मशीनची डिस्क) आधी पेन ड्राइव्हवर जाईना. ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. त्यावर ४ जीबीची एक फाइलसुद्धा मावत नाही. मोठ्या फाइली चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये तो फॉरमॅट करून घेतला, फाइल लॅपटॉपवर आणली, नवीन मशीन बनवून त्याला जोडली. मशीन लगेच सुरू झालं. लॉगिन झालं, डेटाबेसही उठला. 'डेस्कटॉप न्यायला हरकत नाही' असा निरोप सिस्टिमवाल्यांना टाईप करायला घेतला.

पाठवण्याआधी सवयीने शेवटची नोंद बघितली. १४ मार्च. ऑगस्ट चालू होता.

हातपाय गार पडले. पाच महिन्यांचं काम गायब होतं आणि कुठेही एक एरर नव्हती. कॉपी करताना बिघडली असेल म्हणून पेन ड्राइव्हवरच्या आणि डेस्कटॉपवरच्या फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढून ताडून पाहिला. शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा.

शेजारी बसणारी सहकारी डेस्कटॉपचा स्क्रीन बघत होती. ती म्हणाली, "सर, या फाइलची तारीखच १४ मार्च दिसतेय. आणि इथे स्नॅपशॉट्स नावाचं एक फोल्डर पण आहे."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. १४ मार्चला डेटाबेसची आवृत्ती बदलण्याआधी मी स्नॅपशॉट घेतला होता, म्हणजे मशीनची त्या क्षणाची अवस्था जपून ठेवली होती. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क तिथेच गोठते. त्यानंतर मशीन जे काही लिहितं ते स्नॅपशॉट्स फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये जातं. महिरपी कंसात लांबलचक आकडे-अक्षरं असं तिचं नाव असतं. आमचे पाच महिने त्या एका फाइलमध्ये होते. ते डेस्कटॉपवरच राहिले होते, आणि सकाळी पुसले जाणार होते.

"मग ती फाइल तेवढी लॅपटॉपवर टाकूया ना?" तिने विचारलं. विचार बरोबर होता, पण ते चाललं नसतं. त्या फाइलमध्ये फक्त मूळ डिस्कपेक्षा बदललेले भाग असतात; खालची डिस्क जशीच्या तशी असेल तरच ते जुळतात. लॅपटॉपवरची प्रत तर मी चालू करून बसलो होतो, म्हणजे तिच्यावर नवीन लिखाण झालेलं. पेन ड्राइव्हवरची न चालवलेली प्रत वापरता आली असती, पण दुसरी अडचण दिसली: डेस्कटॉपवरचं मशीन मी बंद न करता 'सेव्ह स्टेट' करून, म्हणजे चालू अवस्थेतच गोठवून ठेवलं होतं. त्यात मेमरीबरोबर प्रोसेसरची स्थितीही साठवलेली असते. डेस्कटॉप एएमडीचा, लॅपटॉप इंटेलचा. तिथे ते पुढे सुरू होईल याचा भरवसा नव्हता.

म्हणून डेस्कटॉपवरच ते पुन्हा उठवलं, डेटाबेस नीट थांबवला, आतूनच शटडाऊन केलं आणि पूर्ण मशीन ओव्हीए (अख्खं मशीन एका फाइलमध्ये बांधणारा प्रकार) म्हणून एक्स्पोर्ट केलं. यात मूळ डिस्क आणि नंतरचे बदल एकत्र होऊन मशीनची आत्ताची अवस्था एका फाइलमध्ये येते. स्नॅपशॉटचा इतिहास मात्र सोबत येत नाही. तो मला नकोच होता.

इम्पोर्ट करताना सगळ्या नेटवर्क अडॅप्टरचे मॅक पत्ते (प्रत्येक नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) तसेच ठेवायचा पर्याय निवडला, कारण आतल्या नेटवर्कची सेटिंग मॅकवर बांधलेली होती. ब्रिज्ड अडॅप्टर, म्हणजे मशीनला खऱ्या नेटवर्क कार्डातून बाहेर जोडणारा, अजून डेस्कटॉपचं नेटवर्क कार्ड शोधत होता. तिथे लॅपटॉपचं वाय-फाय निवडून दिलं.

रात्री साडेदहाला शेवटची नोंद पुन्हा काढली. त्याच दिवशी दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी सहकारीने केलेली, तिच्याच नावाची. ती पाठीमागे उभीच होती. "हीच," एवढंच म्हणाली.

सिस्टिमवाल्यांसाठी अर्धवट टाईप केलेला निरोप पुसला आणि नवा लिहिला: डेस्कटॉप अजून आठ दिवस कुणी हलवायचा नाही.