दादा, कुठली आणू?

२००७ च्या पावसाळ्यात न्यू जर्सीहून आतेभावाचा फोन आला. डिसेंबरात तो कोल्हापूरला यायचा होता. म्हणाला, "दादा, तुला हाय डेफिनिशनचा प्लेअर आणतो. कुठली आणू? एचडी डीव्हीडी का ब्लू-रे?" दोन्ही डीव्हीडीनंतरच्या, जास्त स्वच्छ चित्राच्या नव्या तबकड्या, पण एकीच्या मशीनवर दुसरी चालायची नाही.

मी म्हटलं, "उद्या सांगतो."

तो उद्या सात महिने चालला.

आमच्या गावात 'दोन्ही चांगल्या आहेत' असं म्हणायची सोय नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉलची मॅच असली आणि कुणी म्हणालं, "मी आपला खेळ बघायला आलोय," तर लोक त्याच्याकडे असं बघतात, जणू हा सांगलीहून आलाय. बाजू घ्यायलाच लागते. मग ती टिकवायला लागते, आणि हरली तर पुढच्या हंगामापर्यंत चहाच्या गाड्यावर ऐकून घ्यायला लागतं. तेव्हा माझा घोळ काही उगाच नव्हता.

शिवाय आमच्या घराला या बाबतीत इतिहास आहे. १९८४ साली धाकट्या मामांनी आखातातून व्हीसीआर आणला. गल्लीतला पहिला. आईनं त्याला हळद-कुंकू लावलं. आण्णा कापडी पिशवी घेऊन कॅसेट लायब्ररीत गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. लायब्ररीत सगळा माल व्हीएचएसचा आणि आमचं मशीन बीटामॅक्स. बीटाची कॅसेट अंगानं लहान, त्यामुळे व्हीएचएसची कॅसेट आमच्या मशीनच्या तोंडात जायचीसुद्धा नाही. मामांनी मशीनबरोबर तीन कॅसेटी दिल्या होत्या, त्याच आम्ही आलटून पालटून बघितल्या. एकीवर अरबी बातम्या होत्या. पुढे पुढे आजीला तो बातम्या देणारा पावण्यांतला वाटायला लागला. "आज कोट नवा घातलाय बघ त्यानं," म्हणायची. कोट तोच असायचा.

शेजारी मात्र गणपतीत रात्रभरासाठी भाड्यानं व्हीएचएस आणायचे. तीन पिक्चर बघायचे आणि सकाळी मशीन परत. आम्ही पोरं तिकडं पळायचो. आण्णा दारात खुर्ची टाकून बसायचे. "त्यात काय दिसतंय? नुसत्या मुंग्या. चित्र बघायचंय तर बीटावर बघा." चित्राच्या बाबतीत त्यांचं फार चुकत नव्हतं. पण सोनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स आणलं तेव्हा तिच्या कॅसेटवर तासभराचंच मावायचं, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या जेव्हीसीच्या व्हीएचएसवर दोन तास. आणि आमच्या गल्लीपुरतं बोलायचं तर चित्र कितीही देखणं असलं तरी शेजारणीकडून मागून आणता येत नसेल तर त्याचा उपयोग काय? पुढं ते मशीन गौरीच्या आराशीत पायरी म्हणून लागायचं. उंचीला अगदी बरोबर बसायचं.

तर आतेभावाचा प्रश्न ऐकला आणि मला ती पायरी दिसायला लागली.

मी अभ्यासाला बसलो. दोन्हीकडचा लेसर एकच, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळसर जांभळा. डीव्हीडीचा लाल लेसर ६५० चा. म्हणजे जाड निबाच्या जागी बारीक निब आलं, त्याच पानावर जास्त ओळी बसायला लागल्या. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी, एचडी डीव्हीडीत १५, ब्लू-रेत २५. इथं ब्लू-रे पुढं होती. फरक होता तो मजकूर कुठल्या खोलीवर ठेवलाय यात. एचडी डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत, म्हणजे पुरणपोळीतल्या पुरणासारखा बरोबर मध्ये. डीव्हीडीतही तिथंच असतो, त्यामुळे जुन्या कारखान्यांत थोडा फेरफार करून ती काढता यायची आणि स्वस्त पडायची. ब्लू-रेत मजकूर अवघ्या ०.१ मिलिमीटरवर, भाकरीच्या पापुद्र्याइतका वर. जरा नख लागलं की गेला. म्हणून तर सुरुवातीला ती डबीत घालून विकायचा बेत होता. नंतर वरून टणक लेप द्यायची युक्ती सापडली आणि डबी गेली.

लेप असो नसो, आमच्या गल्लीत तबकडीचं काय होतं ते मला ठाऊक होतं. त्याच सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी, म्हणजे सीडीवरचा पिक्चर, आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली होती. व्हीसीडी आली की आठवड्यात दहा घरं फिरायची. अडकली की काढायची, तोंडाची वाफ मारायची, बनियननं पुसायची, परत घालायची. एका तबकडीत पिक्चर मावत नसे, त्यामुळे पहिली काढून दुसरी घालेपर्यंत मध्यंतर. तेवढ्यात आई चहा टाकायची. असल्या वस्तीत पापुद्र्यावर लिहिलेली ब्लू-रे किती दिवस काढणार? माझा कल एचडी डीव्हीडीकडं झुकायला लागला. तिला प्रदेशाची कुलपंही नव्हती. ब्लू-रेत अमेरिका 'ए'त आणि आपण 'सी'त, म्हणजे तिकडचं मशीन आणलं की इकडच्या तबकडीवर ते रुसणार.

ऑगस्टात हॉलिवूडचा पॅरामाउंट स्टुडिओ एचडी डीव्हीडीच्या गोटात गेला, म्हणजे त्याचे पिक्चर त्याच तबकडीवर निघणार. नोव्हेंबरात तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर तिकडं शंभर डॉलरच्या आत मिळाला. आतेभावाचा रात्री बाराला फोन. "दादा, घेऊ का? परत हा भाव मिळायचा नाही." मी विचारलं, दोन्ही चालणारं मशीन नाही का रे? तांबडा आणि पांढरा एकाच ताटात घेणाऱ्या माणसाला हे पहिल्यांदा सुचणारच. तर तेही होतं, एलजीनं काढलेलं. किंमत ऐकून मी विषय बदलला.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राला विचारलं. तो डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाला, "अमेरिकेचं मशीन एकशेदहा व्होल्टवर चालतं. ट्रान्सफॉर्मर घ्यायला लागंल. बरं, लोडशेडिंगमधनं उरलेल्या वेळात बघणार कशावर? तुझा टीव्ही केवढा हाय?"

एकवीस इंची. नळीचा.

हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. हाय डेफिनिशनच्या चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, म्हणजे डीव्हीडीच्या पाचपट आणि व्हीसीडीच्या वीसपट. एवढी जत्रा मी ज्या खिडकीतून बघणार होतो ती खिडकी एका गल्लीपुरतीच होती. बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला, प्रभात कंपनी जिथं १९२९ मध्ये उभी राहिली, त्या गावातला मी. आणि विकतचं मशीन घेताना टीव्हीकडं बघायचं विसरलो.

आतेभावाची रजा डिसेंबरातून मार्चात गेली आणि माझा उद्याही तिच्याबरोबर सरकला. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरनं ब्लू-रेची बाजू घेतली. एवढा मोठा स्टुडिओ गेल्यावर एचडी डीव्हीडीचं अवसान गळालं. १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबानं आपण थांबत असल्याचं जाहीर केलं. आतेभावाचा फोन, "दादा, वाचलो! तुला आधीच कळलं होतं व्हय?"

मी म्हटलं, "अंदाज होता."

बायको पलीकडं भाजी निवडत होती. "अंदाज कसला," ती म्हणाली. "नुसते बसून होता."

आण्णांना सांगितलं की या खेपेला ब्लू-रे, म्हणजे सोनीकडची बाजू जिंकली. त्यांनी पेपर खाली ठेवला. "उशिरा का होईना," म्हणाले, आणि परत वर घेतला. चोवीस वर्षांचा हिशेब त्यांनी तेवढ्या तीन शब्दांत मिटवला.

२०१२ मध्ये मोठा टीव्ही आला आणि राजारामपुरीतून मी ब्लू-रे प्लेअर घेतला, इथलाच, 'सी'तला. चित्र बघून मी गप्प झालो. नटाच्या कपाळावरचा घाम मोजता येत होता. गल्लीतल्या एकाला हौसेनं तबकडी देऊ केली तर म्हणाला, "भावा, आमच्याकडं लागणार न्हाई ती." वाक्य ओळखीचं वाटलं. सात-आठ तबकड्या जमल्या तोवर मुलगा मोबाइलवर पिक्चर बघायला लागला होता, तोही आडवा पडून, एका कानात इअरफोन घालून.

गेल्या वर्षी कबुतरांनी गच्चीवर उच्छाद मांडला. शेजारच्यांनी जुन्या सीड्या दोऱ्याला टांगल्या होत्या, त्या वाऱ्यानं फिरल्या की भिंतीवर इंद्रधनुष्य नाचायचं आणि कबुतरं पळायची. आई म्हणाली, "तुझ्या त्या पडूनच असतात, दोन दे." मी जड मनानं दिल्या. दुसऱ्या दिवशी तिनं त्या परत आणून टेबलावर ठेवल्या.

"ह्या चमकतच न्हाईत. काळ्या आरशागत नुसत्या लोंबकळतात. एक कबुतर तर शेजारीच येऊन बसलंय."

कारण मला माहीत होतं. सीडीच्या रेघा १.६ मायक्रॉन अंतरावर असतात, ब्लू-रेच्या ०.३२ वर. इतक्या दाट रेघांतून इंद्रधनुष्य फुटत नाही, फार तर तिरकं धरलं की कडेला जरा निळं-हिरवं. मी आईला हे समजावून सांगायला लागलो.

"ते असू दे," आई म्हणाली. "माळ्यावर त्या अठ्ठावीस रुपयेवाल्या हायत न्हवं? त्या काढ."